वंश, जात आणि अनुसूची : वर्धा जिल्ह्यातील सांस्कृतिक विविधता व भेदभावविरोधी कायदेशीर संरक्षण

प्रस्तावना

मराठीत 'वंश' हा शब्द दोन अर्थांनी रूढ आहे. वंशावळ, वंशपरंपरा, वंशाचा दिवा या प्रयोगांत तो कुळाचा, म्हणजे पिढ्यान्पिढ्या चालत आलेल्या जन्मसंबंधाचा निर्देश करतो. दुसरा अर्थ अलीकडचा आहे. वर्ण, चेहरेपट्टी आणि शरीरबांधा यांवरून मानवसमूहांची जी विभागणी एकोणिसाव्या शतकातील युरोपीय विद्वानांनी केली, तिलाही मराठीत वंश असेच म्हटले गेले. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये धर्म, वंश, जात, लिंग व जन्मस्थान अशी भेदभावाची कारणे क्रमाने आली आहेत. वंश आणि जात यांचा तेथे स्वतंत्र उल्लेख आहे. मात्र शब्दाच्या पोटातील पहिला अर्थ ध्यानात घेतला, तर या दोहोंमधील अंतर वाटते तितके मोठे राहत नाही.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. संयुक्त राष्ट्रसंघाने २१ डिसेंबर १९६५ रोजी सर्व प्रकारच्या वांशिक भेदभावाच्या निर्मूलनाचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला. त्याच्या पहिल्याच कलमात वंश, वर्ण, जन्मकुळ, राष्ट्रीय अथवा वांशिक मूळ यांवर आधारलेला भेदभाव म्हणजे वांशिक भेदभाव, अशी व्याख्या आहे. यातील 'जन्मकुळ' हा शब्द भारताच्या प्रतिनिधीने सुचविलेल्या दुरुस्तीमुळे व्याख्येत आला. भारताने १९६८ मध्ये या कराराला अनुसमर्थन दिले. पुढे २००१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथे भरलेल्या जागतिक परिषदेत दलित संघटनांनी याच शब्दाचा आधार घेऊन जातिभेदाचा प्रश्न मांडला, तेव्हा जात म्हणजे वंश नव्हे अशी भूमिका भारत सरकारने घेतली. करारावर देखरेख ठेवणाऱ्या समितीने मात्र २००२ मधील आपल्या २९ व्या सर्वसाधारण शिफारशीत जातीसारख्या वंशपरंपरागत दर्जावर आधारलेला भेदभावही 'जन्मकुळ' या शब्दात अंतर्भूत असल्याचे नमूद केले. भारतानेच घातलेल्या शब्दाचा अर्थ भारतालाच अमान्य व्हावा, हा या वादातील विरोधाभास दुर्लक्षिण्यासारखा नाही.

प्रस्तुत शोधनिबंधात हा प्रश्न वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात तपासला आहे. गांधीजींचे वास्तव्य आणि अस्पृश्यतानिवारणाचे कार्य यांमुळे वर्धा देशाच्या नकाशावर आले. त्या कार्याचा गौरव पुष्कळ झाला आहे. त्या तुलनेत जिल्ह्यातील विविध समाजांना कायद्याचे संरक्षण नेमके केव्हा व कोणत्या अटीवर मिळाले, याचा विचार कमी झाला. संरक्षण देताना कायद्याने प्रत्येक वेळी आधी नाव विचारले, आणि नाव अनुसूचीत न बसणाऱ्यांना दीर्घकाळ उंबरठ्यावर थांबावे लागले, असे या इतिहासातून दिसून येते.

जिल्ह्याची सामाजिक घडण

इ. स. १८६२ मध्ये नागपूरपासून वेगळा काढून वर्धा जिल्हा निर्माण करण्यात आला. आरंभी पुलगावजवळील कवठा हे मुख्यालय होते. १८६६ मध्ये पालकवाडी या खेड्याच्या जागी नव्या वर्धा शहराची उभारणी झाली. कापूस आणि रेल्वे यांनी या शहराचे व हिंगणघाटचे रूप घडविले. कुणबी आणि तेली हे शेती व व्यवसाय सांभाळणारे समाज येथे पूर्वीपासून होते. व्यापाराच्या निमित्ताने मारवाडी कुटुंबे आली. कोष्टी विणकाम करीत. महार समाज जाडेभरडे कापड विणीत असे, शेतमजुरी करी आणि बहुतेक गावांत कोतवालकीचे कामही त्याच्याकडे असे. आर्वी व कारंजा भागातील डोंगराळ पट्ट्यात गोंडांची वस्ती होती. वर्धा नदीच्या काठाने, दक्षिणेकडे कोलामांच्या वस्त्या आढळत. माना, गोवारी, परधान, पारधी, मांग-गारुडी अशा अनेक समाजांची नावे जुन्या नोंदींत येतात.

या नोंदी कोणत्या दृष्टीने झाल्या, हे पाहणे आवश्यक आहे. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाच्या मोजमापावरून जातींचा वांशिक क्रम ठरविता येतो असे प्रतिपादन केले होते. त्याच जनगणनेचे मध्य प्रांतातील अधीक्षक आर. व्ही. रसेल यांनी पुढे जिल्हा गॅझेटियरांच्या संपादनाचे काम केले. वर्धा जिल्ह्याचे गॅझेटियर १९०६ मध्ये निघाले. त्यानंतर रायबहादूर हिरालाल यांच्या साहाय्याने रसेल यांनी सिद्ध केलेला मध्य प्रांतातील जाती-जमातींविषयीचा चार खंडांचा ग्रंथ १९१६ मध्ये प्रसिद्ध झाला. कोणत्या जमातीचा देव कोणता, लग्न कोणत्या पद्धतीने लागते, मृताला पुरतात की जाळतात, हे सारे या ग्रंथांत बारकाईने नोंदविलेले आहे. प्रशासकाच्या सोयीसाठी झालेली ही नोंद पुढे शंभर वर्षांनी न्यायनिवाड्याचा आधार होईल, याची कल्पना तिच्या कर्त्यांना असण्याचे कारण नव्हते.

रिस्ले यांच्या वंशसिद्धान्ताला सर्वांत समर्थ उत्तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी दिले. जातिव्यवस्था ही भिन्न वंशांची विभागणी नसून एकाच वंशातील लोकांची सामाजिक विभागणी आहे, हे त्यांनी 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' या १९३६ मधील पुस्तकात मांडले. पुढे १९४८ मधील अस्पृश्यांच्या मूळविषयक ग्रंथात त्यांनी नासिकामापनाच्याच आकड्यांवरून ब्राह्मण व अस्पृश्य वेगळ्या वंशांचे असल्याचा दावा खोडून काढला. म्हणजे जातीला वंश मानू नये, हे बाबासाहेबांचेही मत होते आणि डर्बन परिषदेत सरकारचेही होते. परंतु दोघांचे प्रयोजन अगदी उलट होते. अस्पृश्यतेला निसर्गाचा आधार मिळू नये म्हणून बाबासाहेबांनी वंशसिद्धान्त नाकारला. डर्बनमध्ये तोच नकार आंतरराष्ट्रीय चर्चा टाळण्यासाठी वापरला गेला.

मालकाच्या हातातील दार

वर्धा शहरातील लक्ष्मीनारायण मंदिर बजाज कुटुंबाने विसाव्या शतकाच्या आरंभी बांधले. जुलै १९२८ मध्ये सेठ जमनालाल बजाज यांनी ते अस्पृश्यांसाठी खुले केले. १९२१ पासून वर्ध्यात आश्रम चालविणाऱ्या विनोबा भावे यांचे पाठबळ या कृतीला होते. देशातील अशा प्रकारच्या अगदी आरंभीच्या घटनांत तिची गणना होते. सनातन्यांचा रोष आणि स्वजातीयांचा बहिष्कार जमनालालजींनी पत्करला. काँग्रेसने १९२९ मध्ये अस्पृश्यतानिवारणासाठी पंडित मदनमोहन मालवीय यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली तेव्हा तिचे चिटणीसपद त्यांच्याकडे आले, यावरून या कामातील त्यांचे स्थान लक्षात येते.

या घटनेचे कायदेशीर स्वरूप मात्र फारसे चर्चिले गेलेले नाही. मंदिर कौटुंबिक होते. ते उघडणे हे मालकाच्या व विश्वस्तांच्या सद्बुद्धीवर अवलंबून होते, आणि शेजारच्या मंदिराच्या विश्वस्तांना तसे करण्यास भाग पाडणारा कोणताही कायदा अस्तित्वात नव्हता. उलट तत्कालीन न्यायालये रूढीच्या बाजूने उभी राहत. तमिळ प्रदेशातील कमुदीच्या मंदिरात नाडर समाजाला प्रवेशाचा हक्क नाही, असा निर्णय प्रिव्ही कौन्सिलने १९०८ मध्ये दिला होता. रूढी सिद्ध झाली की तिचे संरक्षण करणे हे न्यायालयाचे कर्तव्य ठरे. ती अन्याय्य आहे की नाही हा प्रश्नच उपस्थित होत नसे. महाडच्या चवदार तळ्याचा दावा मार्च १९३७ मध्ये अस्पृश्यांच्या बाजूने निकाली निघाला, तोही समतेच्या तत्त्वावर नव्हे. प्रवेशबंदीची रूढी अनादि काळापासून चालत आल्याचे स्पृश्यांना सिद्ध करता आले नाही, एवढ्याच कारणावर तो टिकला. 

शेजारच्या अमरावतीत याच सुमारास वेगळ्या वाटेने प्रयत्न चालू होता. अंबादेवी मंदिराच्या प्रवेशाचा प्रश्न तेथे सत्याग्रहाच्या मार्गाने उपस्थित झाला होता आणि नोव्हेंबर १९२७ मध्ये अमरावतीला झालेल्या परिषदेचे अध्यक्षस्थान डॉ. आंबेडकरांनी भूषविले. अमरावतीत मागणी अस्पृश्यांकडून आली. वर्ध्यात देणगी मालकाकडून आली. दोन्ही घटनांमध्ये जेमतेम आठ महिन्यांचे अंतर आहे.

हक्क आणि कृपा यांतील हा भेद वर्ध्याच्या भूमीवर एकदा अक्षरशः समोरासमोर आला. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगाव येथे राहावयास गेले. १९४० पासून हे गाव सेवाग्राम म्हणून ओळखले जाऊ लागले. दुसऱ्याच दिवशी, १ मे रोजी, उद्योगपती वालचंद हिराचंद यांच्यासमवेत डॉ. आंबेडकर तेथे गेले. बाबासाहेबांनी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली, त्याला तेव्हा सातच महिने झाले होते; लाहोरला देता न आलेले जातिनिर्मूलनाचे भाषण छापून प्रसिद्ध होण्यास अवघे दोन आठवडे उरले होते. जुलैमध्ये गांधीजींनी 'हरिजन' पत्रातून त्या भाषणाचा परामर्श घेतला आणि दोघांतील मतभेद जाहीरपणे स्पष्ट झाले.

त्याच वर्षाच्या हिवाळ्यात बेंजामिन मेज आणि चॅनिंग टोबायस हे अमेरिकेतील दोन कृष्णवर्णीय विचारवंत गांधीजींना भेटण्यासाठी वर्ध्याला आले. मेज हे पुढे अटलांटातील मोअरहाउस महाविद्यालयाचे अध्यक्ष झाले आणि मार्टिन ल्यूथर किंग त्यांच्या कारकिर्दीत तेथे शिकले. वर्णभेदाची झळ सोसणाऱ्या या पाहुण्यांनी अहिंसेसोबतच अस्पृश्यतेविषयीही जाणून घेतले. अमेरिकेत त्या वेळी पृथक्करण कायद्यानेच लादलेले होते, तर मध्य प्रांतात ते रूढीने चालत होते आणि कायदा त्याकडे तटस्थपणे पाहत होता. तेथे कायदा मोडून काढायचा होता. येथे तो घडवायचा होता.

कायदा येतो

मध्य प्रांत व वऱ्हाडात असा कायदा होण्यास १९४७ साल उजाडावे लागले. त्या वर्षी प्रांतिक विधिमंडळाने अनुसूचित जातींवरील नागरी निर्बंध दूर करणारा आणि मंदिरप्रवेशाविषयीचा असे दोन अधिनियम संमत केले. जमनालालजींचे निधन १९४२ मध्येच झाले होते. याच वर्षीच्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरासाठी दहा दिवसांचे उपोषण केले. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर मुंबई, मद्रास आणि मध्य प्रांत यांतील कायदे जवळजवळ एकाच सुमारास आकाराला येत होते.

संविधान सभेने २९ नोव्हेंबर १९४८ रोजी अस्पृश्यता नष्ट करणारा अनुच्छेद स्वीकारला. तोच आजचा अनुच्छेद १७ होय. त्याच्या अंमलबजावणीसाठी अस्पृश्यता (अपराध) अधिनियम १ जून १९५५ पासून लागू झाला आणि मध्य प्रांताचे दोन्ही जुने अधिनियम त्याने रद्द केले. वर्ध्याच्या दृष्टीने हा मोठाच पालट होता. सत्तावीस वर्षांपूर्वी जे दार विश्वस्तांच्या संमतीने उघडले होते, ते बंद ठेवणे आता कोणाही विश्वस्तासाठी दंडनीय अपराध झाले. विहीर, पाणवठा, हॉटेल, धर्मशाळा, केशकर्तनालय ही सारी सार्वजनिक स्थळे या कायद्याच्या कक्षेत आली.

या अधिनियमाचे कलम १२ विशेष महत्त्वाचे आहे. कृती अनुसूचित जातीच्या व्यक्तीच्या बाबतीत घडली असेल, तर ती अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडली असे न्यायालयाने गृहीत धरावे आणि तसे नव्हते हे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर असावी, असे हे कलम सांगते. 'पाणी नाकारले, पण जातीवरून नव्हे' हा बचाव खेड्यात किती सहज करता येतो, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या गृहीतकाचे मोल वेगळे सांगण्याची गरज नाही. कायद्याची धार याच कलमात होती.

आणि ती धार वर्ध्यातील ज्या समाजाला सर्वाधिक हवी होती, त्याच्या हातून ती सोळा महिन्यांतच निसटली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. नागपूरला लागून असलेल्या वर्धा जिल्ह्यातील महार समाजाने मोठ्या संख्येने हा मार्ग स्वीकारला. १९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील बौद्धांची संख्या सुमारे २७.९ लाख नोंदली गेली. परंतु १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार हिंदू धर्माखेरीज अन्य धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची गणली जात नव्हती. १९५६ मध्ये त्यात शीख धर्माची भर पडली, बौद्ध धर्माची नाही. १९५५ च्या अधिनियमाचे विवेचन करताना येथे एक विसंगती दिसते. मंदिर व सार्वजनिक स्थळांच्या प्रवेशासंबंधीच्या कलमांसाठी बौद्धांना हिंदूंतच गणावे, असे त्याचे स्पष्टीकरण सांगते. म्हणजे प्रवेशाचा हक्क बौद्धाला होता. पण तो नाकारला गेल्यास कलम १२ चे गृहीतक त्याच्या मदतीला येत नव्हते, कारण ते अनुसूचित जातीच्या व्यक्तीपुरते मर्यादित होते. गावच्या दृष्टीने माणूस तोच होता आणि त्याची वस्तीही तीच होती. कायद्याच्या दृष्टीने मात्र नाव बदलले होते.

याची न्यायालयीन परिणती लवकरच दिसली. विदर्भातील एका राखीव मतदारसंघातून निवडून आलेल्या उमेदवाराने बौद्ध धर्म स्वीकारला असल्याने तो अनुसूचित जातीचा राहिला नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये पंजाबराव विरुद्ध मेश्राम या खटल्यात दिला. महाराष्ट्र शासनाने राज्यापुरत्या शैक्षणिक व अन्य सवलती नवबौद्धांना देऊ केल्या, ही यशवंतराव चव्हाण यांच्या काळातील दूरदृष्टी होती. केंद्रीय कायद्याच्या संरक्षणाला मात्र त्याचा उपयोग नव्हता. अत्याचार प्रतिबंधक अधिनियम ३० जानेवारी १९९० रोजी अंमलात आला तेव्हाही बौद्ध त्याच्या बाहेरच होते. त्याच वर्षी काही महिन्यांनी झालेल्या दुरुस्तीने बौद्धांचा समावेश अनुसूचित जातींत झाला. धर्मांतरापासून या दुरुस्तीपर्यंत चौतीस वर्षे गेली होती.

समावेश झाला तरी सिद्धतेचा प्रश्न संपला नाही. अत्याचार प्रतिबंधक अधिनियमातील मूळ तरतुदीनुसार गंभीर गुन्हा पीडित व्यक्ती अनुसूचित जाती वा जमातीची आहे 'या कारणावरून' घडला, हे फिर्यादी पक्षाला दाखवावे लागे. भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे २९ सप्टेंबर २००६ रोजी एका बौद्ध कुटुंबातील चौघांची हत्या झाली. २००८ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना दोषी ठरविले, पण अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील गुन्हा सिद्ध झाल्याचे मानले नाही. २६ जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने 'या कारणावरून' ऐवजी, पीडित व्यक्ती त्या जाती-जमातीची आहे हे 'माहीत असताना' अशी शब्दरचना आली. १९५५ च्या कलम १२ मागील विचाराकडे कायदा साठ वर्षांनी या मार्गाने परतला.

नदीच्या दोन काठांवर

अनुसूचित जमातींच्या बाबतीत वर्ध्याची कथा अधिक विचित्र आहे. या जिल्ह्यातील गोंड आणि कोलाम १९७७ पर्यंत कायद्याच्या भाषेत आदिवासी नव्हतेच.

१९५० च्या आदेशाने आणि १९५६ च्या सुधारित यादीने विदर्भातील जमाती निश्चित करताना त्यांच्या नावांसोबत क्षेत्रही निश्चित केले होते. अमरावती जिल्ह्यातील मेळघाट, चांदा जिल्ह्यातील गडचिरोली व सिरोंचा, आणि यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर, वणी व यवतमाळ एवढ्याच तहसिलींतील गोंड, कोलाम, परधान इत्यादींना अनुसूचित जमातींचा दर्जा होता. वर्धा जिल्ह्याची एकही तहसील यात नव्हती. वर्धा नदी ही यवतमाळ व वर्धा या जिल्ह्यांमधील सीमा. नदीच्या पलीकडच्या तीरावरील पोडात राहणारा कोलाम अनुसूचित जमातीचा. त्याची मुलगी अलीकडच्या तीरावरील कोलामाच्या घरी नांदायला आली की तिचे सासरचे लोक त्या यादीत नसत. कोलामी बोली दोन्ही तीरांवर एकच होती आणि सोयरिकीही परस्परांत होत. संविधानाच्या अनुच्छेद १५ ने जन्मस्थानावरून भेदभावास मनाई केली आहे; पण संरक्षण देणारी यादीच येथे स्थानावर उभी होती. जमात जेथे दाट वस्ती करून राहते तेथेच ती मागासलेली असते, अशी यामागची समजूत असावी. विरळ वस्तीतील गोंड हा कुणब्याच्या शेतावर राबणारा भूमिहीन असतो आणि त्याची अवस्था अनेकदा अधिकच बिकट असते, हे या समजुतीत बसत नव्हते.

राज्य शासनाला याची जाणीव होती, याचा एक लक्षणीय पुरावा महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत सापडतो. आदिवासींच्या जमिनी बिगर आदिवासींकडे जाऊ नयेत यासाठी १९७४ मध्ये संहितेत तरतुदी वाढविण्यात आल्या. कलम ३६ च्या स्पष्टीकरणात, राष्ट्रपतींच्या आदेशात नमूद केलेल्या क्षेत्रांत न राहणाऱ्या, परंतु त्याच जमातींच्या असलेल्या व्यक्तींनाही या संरक्षणाची गरज आहे असे घोषित करून त्यांना अनुसूचित जमातींप्रमाणेच मानावे, असे म्हटले आहे. राष्ट्रपतींची यादी बदलणे राज्याच्या अधिकारात नव्हते. म्हणून यादीला हात न लावता जमिनीपुरती ही वाट काढण्यात आली. महसुली कायद्याच्या एका स्पष्टीकरणात लपलेली ही तरतूद वर्ध्यातील गोंड-कोलामांसाठी त्या काळात मोलाची होती.

१९७६ च्या अधिनियम क्रमांक १०८ ने क्षेत्रबंधन उठविले. तो जुलै १९७७ मध्ये अंमलात आला. महाराष्ट्रातील अनुसूचित जमातींची लोकसंख्या १९७१ मध्ये २९.५४ लाख होती, ती १९८१ मध्ये ५७.७२ लाख झाली. दहा वर्षांत ती जवळजवळ दुप्पट होण्यामागे नैसर्गिक वाढीपेक्षा यादीतील हा बदल कारणीभूत होता. २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे १३ लाख लोकसंख्येच्या वर्धा जिल्ह्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण साडेअकरा टक्क्यांच्या जवळपास आहे. हे लोक १९७१ मध्येही याच जिल्ह्यात राहत होते.

संस्कृतीची परीक्षा

क्षेत्रबंधन उठल्यानंतर नावाचे महत्त्व अधिकच वाढले. अनुसूचीत नाव आहे, पण ते नेमके कोणाचे, हा वाद विदर्भात गेली चार दशके चालू आहे. यादीतील 'हलबा' या नावात विणकरी करणारे हलबा-कोष्टी येतात काय, या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २००० मध्ये मिलिंद खटल्यात निर्णय दिला : यादी जशी आहे तशीच वाचावी, तिच्यात भर घालण्याचा अधिकार न्यायालयांनाही नाही, केवळ संसदेला आहे. गोंड व तत्सम जमातींच्या नोंदीत 'माना' हे नाव स्वल्पविरामाने वेगळे आलेले आहे. मानांनी आपण गोंडांची पोटजमात असल्याचे सिद्ध करावे ही अट २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अमान्य केली आणि माना ही स्वतंत्र जमात ठरली. त्याच नोंदीत 'गोंड गोवारी' हे दोन शब्द मात्र स्वल्पविरामाशिवाय छापलेले आहेत. गोवारी समाजाच्या मोर्चात २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपूर येथे चेंगराचेंगरी होऊन ११४ जण मृत्युमुखी पडले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी गोवारींचा दावा मान्य केला. सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०२० रोजी तो निर्णय रद्द ठरविला. छपाईतील एका चिन्हावर एवढे मोठे भवितव्य अवलंबून असावे, हे कायद्याच्या अभ्यासकाला अपरिहार्य वाटेल. इतिहासाच्या अभ्यासकाला ते तसे वाटणे कठीण आहे.

नाव यादीत असले तरी व्यक्तीने आपण त्या नावाचे असल्याचे सिद्ध करावे लागते. माधुरी पाटील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये पडताळणीची रीत घालून दिली आणि महाराष्ट्राने २००१ पासून त्यासाठी स्वतंत्र अधिनियम लागू केला. अर्जदाराचे कुलदैवत, विधी, विवाहपद्धती, अंत्यसंस्कार यांची चौकशी दक्षता पथकाने करावी आणि ते त्या जमातीच्या ज्ञात वैशिष्ट्यांशी जुळतात की नाही हे पाहावे, असा या रीतीचा एक भाग आहे. यालाच आप्तभाव चाचणी म्हणतात. बनावट प्रमाणपत्रे रोखण्याचा तिचा हेतू योग्यच होता. खऱ्या आदिवासींच्या जागा इतरांनी बळकावल्याच्या तक्रारी निराधार नव्हत्या. पण ही वैशिष्ट्ये 'ज्ञात' कोठून झाली? बहुतांशी रसेल-हिरालाल यांच्यासारख्या ग्रंथांतूनच. हिंगणघाटच्या गिरणीत दोन पिढ्या काम केलेल्या गोंडाच्या नातवाला गोंडी येत नसेल, लग्न हॉलमध्ये लागत असेल आणि देव्हाऱ्यात बडादेवासोबत इतर देवही असतील, तर १९१६ च्या वर्णनाशी त्याचा मेळ कसा बसावा? ज्या समाजाला विकासाच्या प्रवाहात येण्याचा आग्रह शासन एका हाताने करते, त्यानेच दुसऱ्या हाताला आपण जराही बदललो नसल्याचा पुरावा द्यावा, अशी ही अपेक्षा आहे. रिस्ले यांचे नाक मोजण्याचे यंत्र कधीच अडगळीत गेले. समूहाची ओळख न बदलणाऱ्या लक्षणांत शोधण्याची त्यामागची धारणा मात्र चाचणीच्या रूपाने टिकून राहिली.

न्यायालयांना याचे भान आले नाही असे नाही. स्थलांतर, आधुनिकीकरण व इतर समाजांशी येणारा संपर्क यांमुळे जुनी वैशिष्ट्ये लोपू शकतात, म्हणून आप्तभाव चाचणी हा एकमेव निकष मानू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये आनंद खटल्यात म्हटले. ठाकूर जमातीच्या संघटनेच्या प्रकरणात २४ मार्च २०२३ रोजी तीन न्यायाधीशांच्या पीठाने हीच भूमिका कायम केली. परिणामी १९५० पूर्वीच्या कागदपत्रांना चाचणीहून अधिक वजन आले आहे.

वर्धा जिल्ह्यातील भूमिहीन गोंड वा कोलाम कुटुंबाकडे सातबारा नसतो आणि आजोबा शाळेत गेलेले नसतात. अशा वेळी त्यांच्या आशेचे स्थान एकच उरते, ते म्हणजे कोतवाल बुक. गावातील प्रत्येक जन्म व मृत्यू, बापाच्या नावासह आणि जातीसह, या बुकात चढत असे; त्याची नक्कल मिळविण्यासाठी आजही तहसील कार्यालयातील अभिलेख कक्षासमोर अर्जदार उभे असतात. हे बुक घेऊन नोंदीसाठी ठाण्यापर्यंत पायी जाणारा कोतवाल वर्ध्याच्या खेड्यांत बहुधा महार असे, आणि १९२८ पूर्वीच्या ज्या नोंदी त्याने वाहून नेल्या, त्या काळात लक्ष्मीनारायणाच्या मंदिराची पायरी त्याला चढता येत नव्हती.